नर्सिंगमधली वाढ: पहिल्या ड्यूटीपासून पुढच्या जबाबदारीपर्यंत

नर्सिंगमध्ये पुढे कसं जायचं, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा कोर्सच्या नावानं येतं. अमुक डिप्लोमा कर, तमुक परीक्षा दे, परदेशी जा. कोर्स लागतातच, आणि त्यांच्याकडे पुढे येऊ. पण वर्षानुवर्षं तेच काम त्याच पद्धतीनं करत राहिलेली नर्स आणि तेवढ्याच वर्षांत अख्खा वॉर्ड जिच्याकडे धाव घेतो अशी नर्स, यांच्यातला फरक प्रमाणपत्रांत क्वचितच सापडतो. पेशंटमधला बदल कोणाच्या आधी लक्षात येतो, तो बदल समोरचा लगेच हालचाल करेल अशा शब्दांत कोण सांगतं, आणि काही चुकलं तर कोण लपवत नाही, यात तो फरक असतो. हे तिन्ही शिकता येतं, आणि ते रोजच्या ड्यूटीतल्या सगळ्यात त्रासदायक जागांवरच शिकता येतं. म्हणून या लेखात अडचणी आणि प्रगती असे दोन वेगळे भाग केलेले नाहीत.

पहिली पायरी: पहिलं वर्ष तग धरायचं

शिकताना एक पेशंट घेऊन त्याचा केअर प्लॅन सावकाश लिहिलेला असतो. नोकरीत पहिल्याच आठवड्यात हातात अर्धा वॉर्ड येतो. एकीकडे सलाइन संपलेलं, दुसरीकडे नातेवाईक उभे, तेवढ्यात राऊंड सुरू. आपल्याला काहीच येत नाही असं वाटणं या काळात जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येतं. पॅट्रिशिया बेनर या नर्सिंगच्या अभ्यासक आहेत. नवख्यापासून तज्ज्ञापर्यंतचे पाच टप्पे त्यांनी १९८४ साली मांडले. त्यात साधारण एकाच प्रकारच्या कामात दोन ते तीन वर्षं गेल्यावर नर्स ‘सक्षम’ टप्प्यावर येते, असं त्यांचं म्हणणं आहे. म्हणजे सहा महिन्यांत हात बसला नाही म्हणून हे क्षेत्र आपलं नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नका. दर चार महिन्यांनी वॉर्ड बदलून मागू नका, हेही त्याच कारणासाठी.

या वर्षात दोन सवयी लावून घ्या. ड्यूटी सुरू झाली की हँडओव्हर घेताना एका कागदावर प्रत्येक पेशंटसाठी एक ओळ लिहा: निदान, आजची काळजी, औषधांच्या वेळा, बाकी राहिलेली तपासणी. मग आधी सगळ्या पेशंटना डोळ्यांनी बघून या, कामं नंतर. कोण झोपलंय, कोण बसून धापा टाकतंय, कोणाची लघवीची पिशवी सकाळपासून तेवढीच आहे, हे केस पेपर वाचून कळत नाही. दुसरी सवय म्हणजे रोज एक गोष्ट विचारून घरी जायची. आज दिलेल्या औषधांपैकी एखाद्याचं काम कळलं नसेल, तर ते त्याच दिवशी समजून घ्या. ‘एवढंही माहीत नाही का?’ असं ऐकावं लागेल. ऐका आणि तरीही विचारा. न विचारता दिलेलं इंजेक्शन परत घेता येत नाही.

दुसरी पायरी: बिघडणारा पेशंट ओळखायचा आणि फोन करायचा

सगळ्यात जास्त वेळ मी या पायरीला देणार आहे, कारण नर्सची खरी पारख इथे होते.

पेशंट अचानक कोसळला असं आपण म्हणतो. चार्ट मागे उलटून पाहिला तर बऱ्याचदा त्याच्या कित्येक तास आधीपासून आकडे सरकत आलेले असतात. त्यातही सर्वांत आधी हलतो तो श्वासाचा दर, आणि नेमका तोच मोजला जात नाही. सगळ्या पेशंटसमोर एकसारखा ‘१८’ किंवा ‘२०’ लिहिलेला चार्ट तुम्हीही पाहिला असेल. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. नाडी मोजायचं निमित्त करून मनगट धरा आणि नजर छातीवर ठेवा, म्हणजे पेशंट जाणीवपूर्वक श्वास बदलणार नाही.

ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ मध्ये ‘न्यूज’ ही गुणपद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. श्वासाचा दर, ऑक्सिजनचं प्रमाण, वरचं बीपी, नाडी, शुद्धीची अवस्था आणि ताप या सहा गोष्टींना गुण द्यायचे. पेशंट ऑक्सिजनवर असेल तर आणखी २ गुण. बेरीज ५ झाली की तातडीनं डॉक्टरांना बोलवायचं, ७ किंवा जास्त झाली की आणीबाणी. तुमच्या रुग्णालयात ही पद्धत नसली तरी स्वतःसाठी ती शिकून घ्या.

एक उदाहरण घेऊ. पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. रात्री १० वाजता श्वास २२, ऑक्सिजन ९५, नाडी १०४, बीपी ११२, ताप नाही. एकेक आकडा पाहिला तर घाबरण्यासारखं काही दिसत नाही, पण बेरीज ४ येते. रात्री २ वाजता श्वास २६, ऑक्सिजन ९३, नाडी ११२, बीपी १०४, ताप १०१. आता बेरीज ९. पेशंट मात्र ‘ठीक आहे सिस्टर, जरा अस्वस्थ वाटतंय’ एवढंच म्हणतो. नवी नर्स इथे अडखळते. रात्री २ वाजता झोपेतून उठवलं म्हणून डॉक्टर चिडतील ही भीती असते आणि नेमकं काय सांगायचं हेही सुचत नाही. मग फोनवर ‘सर, पेशंटला बरं वाटत नाहीये’ एवढंच निघतं आणि पलीकडून ‘पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघतो’ असं उत्तर येतं.

यासाठी ‘एसबार’ नावाची मांडणी वापरतात. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर ती तयार झाली आणि नंतर रुग्णालयांनी उचलली. चारच भाग: आत्ता काय झालंय, मागची पार्श्वभूमी, मला काय वाटतं, मला काय हवंय. तोच फोन आता असा होईल:

‘सर, सर्जिकल वॉर्डमधून स्टाफ नर्स बोलतेय. बेड ७ च्या पेशंटचा श्वास चार तासांत २२ वरून २६ वर गेलाय, ऑक्सिजन ९३ आहे, नाडी ११२, बीपी ११२ वरून १०४ झालंय, ताप १०१ आहे. काल आतड्याचं ऑपरेशन झालंय, आतडं जोडलेलं आहे. न्यूजचा स्कोअर ४ होता, तो ९ झालाय. मला सेप्सिसची शंका येतेय. तुम्ही आत्ता येऊन पेशंट बघावा अशी विनंती आहे. तोपर्यंत ऑक्सिजन लावू का आणि कोणते नमुने घेऊन ठेवू?’

(सेप्सिस म्हणजे संसर्गामुळे शरीराचे अवयव बिघडू लागणं.) येऊन बघण्याची विनंती गाळू नका. ‘या’ असं स्पष्ट म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. सांगितलेली ऑर्डर परत वाचून दाखवा, वेळ घालून लिहा. डॉक्टर आले नाहीत आणि पेशंट घसरत चालला असेल तर वरिष्ठ डॉक्टर, ड्यूटीवरच्या इन्चार्ज, जी साखळी तुमच्याकडे असेल ती चढा. ‘सर, तुमच्याशी बोलणं झालंय, पण मला पेशंटची अजून काळजी वाटतेय, म्हणून मी वरिष्ठांना कळवतेय’ असं सांगून चढा. यात उद्धटपणा नाही. असे फोन नीट करणाऱ्या नर्सचं नाव डॉक्टरांच्या लक्षात राहतं. पुढे आयसीयूसाठी किंवा इन्चार्जच्या जागेसाठी नावं निघतात तेव्हा तेच नाव आधी आठवतं.

तिसरी पायरी: औषधं

योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे सगळ्यांना पाठ असतं. चूक होते ती मध्येच कोणी हाक मारली म्हणून, किंवा बाटली बदलली म्हणून. १२ किलोच्या बाळाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम द्यायचं म्हणजे १८० मिलिग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेलं सिरप असेल तर ७.५ मिलिलिटर. आता कपाटात नवी बाटली आली, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमची, आणि हात सवयीनं ७.५ वरच गेला, तर बाळाच्या पोटात ३७५ मिलिग्रॅम जातात. दुपटीहून जास्त. म्हणून मिलिलिटर लक्षात ठेवू नका, दर वेळी लेबल वाचून हिशेब करा.

इन्शुलिन, हेपॅरिन, मॉर्फिनसारखी औषधं आणि संहत पोटॅशियम क्लोराइड यांची दुहेरी तपासणी करा, आणि ती खरी करा. ‘हे बघ, ४ युनिट बरोबर ना?’ असं विचारलं की समोरची ‘हो’च म्हणते. तिला फक्त ऑर्डर आणि औषध द्या, तिचा आकडा तिला काढू द्या, मग दोन्ही जुळवा. संहत पोटॅशियम पातळ न करता शिरेतून कधीच द्यायचं नाही. त्यानं हृदय थांबतं. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहा, कारण इंग्रजी ‘यू’ घाईत शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात.

चौथी पायरी: चूक झाली तर

क्रम एवढाच: आधी पेशंट, मग डॉक्टरांना कळवणं, मग नोंद, मग घटना अहवाल. नोंदीत जे घडलं तेच, वेळेसह. कारणमीमांसा नको, कोणावर ठपका नको. लिहिलेलं खोडायचं असेल तर एकच रेघ मारा, वर वेळ आणि सही. खालचं वाचता आलं पाहिजे. पांढरी शाई किंवा नंतर घुसवलेली ओळ साध्या चुकीला फसवणुकीचं रूप देते.

चुकीनंतर नर्सची काय अवस्था होते, याबद्दल फार कमी बोललं जातं. झोप उडते, पुढचं प्रत्येक इंजेक्शन भरताना हात थरथरतो, नोकरी सोडावीशी वाटते. अल्बर्ट वू या डॉक्टरांनी २००० साली अशा कर्मचाऱ्यांना ‘दुसरा बळी’ म्हटलं. सहकाऱ्याकडून चूक झाली असेल तर त्या दिवशी तिला एकटी सोडू नका. ‘काय झालं ते सांग’ म्हणा आणि ऐका. ‘तू कसं काय असं केलंस?’ हा प्रश्न त्या दिवशी तरी नको.

पाचवी पायरी: स्वतःचं शरीर

सुई टोचली तर साबण आणि पाण्यानं धुवा, जखम पिळू नका, ताबडतोब कळवा. एचआयव्हीबाधित सुईनं टोचल्यावर संसर्गाचा धोका सुमारे ०.३ टक्के असतो. प्रतिबंधक औषधं काही तासांत सुरू करायची असतात, ७२ तासांनंतर ती सुरू करून उपयोग नसतो. म्हणून ‘ड्यूटी संपल्यावर बघू’ म्हणू नका. हिपॅटायटिस ‘बी’चा धोका लस न घेतलेल्यांना त्याहून कितीतरी जास्त. लशीचे तीन डोस पूर्ण करा आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत अँटिबॉडी तपासा. पातळी १० च्या वर हवी. डोस घेतला म्हणजे संरक्षण मिळालंच असं धरून चालू नका. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, हे तर पहिल्या दिवसापासून.

पेशंट सरकवताना बेड आपल्या कमरेच्या उंचीला आणा, दोघींनी धरा, चादरीनं ओढा. एकटीनं उचलून ‘होतंय माझ्याच्यानं’ म्हणणाऱ्या कित्येक जणींना पुढे पाठीच्या दुखण्यापायी वॉर्ड सोडावा लागतो.

नाइट ड्यूटीत पहाटे ३ ते ५ हा काळ सर्वांत वाईट. शरीराचं घड्याळ तेव्हा झोपेकडे ओढत असतं. अवघड हिशेबाची कामं शक्य तेवढी त्याआधी उरका. त्या वेळेत द्यायच्या औषधांची दुसऱ्या नर्सकडून तपासणी करूनच घ्या. रुग्णालयाच्या नियमात बसत असेल तर आळीपाळीनं २० मिनिटांची डुलकी घ्या. चहा-कॉफी रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागातच. सकाळी गाडी चालवत घरी जायचं असेल तर स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, सोबत शोधा.

मनाचा थकवा वेगळा असतो. जागतिक आरोग्य संघटनेनं ‘बर्नआउट’ला कामाशी जोडलेली अवस्था म्हणून नोंदवलंय: गळून जाणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. यातली मधली खूण स्वतःला दिसत नाही, सहकाऱ्यांना दिसते. पेशंटचा उल्लेख सतत बेड नंबरानं आणि वैतागानं होऊ लागला की थांबून विचार करा. सुट्टी, वॉर्डबदल, समुपदेशन, जे मिळेल ते मागा.

सहावी पायरी: माणसं कमी असतात तेव्हा

हा प्रश्न तुमच्या मेहनतीनं सुटणारा नाही, हे आधी मान्य करा. नर्सिंग-संशोधक लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ऑपरेशन झालेल्या पेशंटांच्या बाबतीत, एका नर्समागे प्रत्येक जादा पेशंटबरोबर ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियानं २००४ पासून कमाल प्रमाण कायद्यानं लागू केलं. आयसीयूत एका नर्समागे जास्तीत जास्त २ पेशंट.

तुमच्या हातात काय आहे? जास्त पेशंट मिळाल्याचं तोंडी कुरकुरण्याऐवजी तारीख, शिफ्ट, पेशंटसंख्या, नर्ससंख्या आणि त्या दिवशी राहून गेलेली कामं लेखी द्या, नम्र शब्दांत. ‘आज आम्ही थकलो’ या तक्रारीला उत्तर मिळत नाही. ‘आज चार पेशंटना दोन तासांनी कूस बदलता आली नाही’ याला द्यावं लागतं. आणि नोकरीच्या मुलाखतीत तुम्हीही विचारा: रात्री या वॉर्डात एका नर्सकडे किती पेशंट असतात? नव्या नर्ससोबत अनुभवी नर्स किती आठवडे देता? उत्तर देताना समोरची व्यक्ती घुटमळली तर त्यातूनही बरंच कळतं.

चिडलेले नातेवाईक हा याच टंचाईचा पुढचा भाग. त्यांना बहुतेक वेळा माहिती हवी असते. ‘डॉक्टर येतील तेव्हा सांगतील’ म्हणण्यापेक्षा ‘रिपोर्ट ४ वाजता येतोय, आल्यावर मी स्वतः येऊन सांगते’ म्हणा, आणि रिपोर्ट आला नाही तरी ४ वाजता जा. आवाज चढला, जमाव झाला तर दाराच्या बाजूला उभ्या राहा, एकटीनं बोलू नका, सुरक्षारक्षकांना बोलवा. मारहाण, शिवीगाळ सोसणं हा नोकरीचा भाग नाही. तक्रार नोंदवा.

सातवी पायरी: विशेष क्षेत्र निवडायचं

दोन-तीन वर्षं झाली की हा प्रश्न येतो. पगार बघूनच निवड केली तर चुकण्याची शक्यता जास्त. कोणत्या कामात तुमचं घड्याळाकडे लक्ष जात नाही, ते आधी आठवा.

आयसीयूत एक-दोन पेशंट, पण दर मिनिटाला आकडे, यंत्रं, निर्णय. ज्यांना खोलात जायला आवडतं त्यांच्यासाठी. ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटशी बोलणं कमी. तिथे शिस्त हवी: सुया आणि गॉज सुरुवातीला मोजायचे, शिवण्याआधी मोजायचे, शेवटी पुन्हा मोजायचे, आणि संख्या जुळत नसेल तर सर्जन कितीही घाईत असले तरी थांबवायचं. डायलिसिसमध्ये तोच पेशंट आठवड्यातून तीनदा, सुमारे चार-चार तास, कित्येक वर्षं भेटतो. नातं हेच तिथलं मोठं काम. उपशामक सेवा, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारातली काळजी, हे क्षेत्र मला फार मोलाचं वाटतं. आधुनिक हॉस्पिसची सुरुवात करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स मुळात नर्स होत्या. पुढे डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं. संसर्ग नियंत्रण, जखम व स्टोमाची (ऑपरेशन करून पोटावर काढलेल्या मल-मूत्राच्या वाटेची) काळजी, मनोविकार, समाज आरोग्य, अध्यापन, या सगळ्यांत जागा आहेत आणि त्यातल्या बऱ्याच ठिकाणी रात्रपाळी कमी असते.

ठरवण्याआधी त्या विभागात काही शिफ्ट करून बघा. नुसतं ऐकून अर्ज भरू नका.

आठवी पायरी: पुढे नेणारे पुरावे जमवायचे

पहिल्या वर्षापासून एक फाइल ठेवा: नोंदणी, नूतनीकरण, अनुभवपत्रं, प्रशिक्षणं. बीएलएस (हृदय किंवा श्वास थांबल्यावरचे प्राथमिक उपाय) आणि एसीएलएस (त्यापुढचे प्रगत उपाय) यांची प्रमाणपत्रं बहुधा दोन वर्षांनी नव्यानं घ्यावी लागतात, तारखा लिहून ठेवा. शिकलेल्या कौशल्यांची लॉगबुकही ठेवा, पेशंटचं नाव न लिहिता. परदेशी जायचं असेल तर भाषेची परीक्षा, तिथल्या नोंदणीची छाननी आणि परीक्षा यांत खूप वेळ जातो. अमेरिकेसाठीची एनक्लेक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा ८५ ते १५० प्रश्नांची असते आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न बदलते. पाठांतरापेक्षा ‘आधी कोणता पेशंट बघाल?’ अशा विचाराचा सराव तिथे कामी येतो, आणि तो वॉर्डात रोज फुकट मिळतो.

सगळ्यात कमी वापरला जाणारा मार्ग म्हणजे वॉर्डातला एक छोटा प्रश्न मोजून सोडवणं. समजा, तुमच्याकडे बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, जास्त होतात. एक महिना फक्त मोजा: किती पेशंट, कुठे, कितव्या दिवशी. मग एकच बदल करा, उदाहरणार्थ कूस बदलण्याचा तक्ता बेडपाशी लावा आणि हँडओव्हरमध्ये पेशंटची त्वचा दोघींनी मिळून बघा. पुढचा महिना परत मोजा. दोन तक्ते आणि एक पान वर्णन, एवढं घेऊन सुपरिंटेंडंटना भेटा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सैनिकांच्या मृत्यूंचे आकडे १८५८ मध्ये आकृतीत मांडून सत्ताधाऱ्यांना पटवलं, ते याच वाटेनं. पदोन्नतीच्या मुलाखतीत ‘माझ्यात नेतृत्वगुण आहेत’ या वाक्यापेक्षा ते एक पान जास्त बोलतं.

नववी पायरी: इन्चार्ज झाल्यावर

कालपर्यंत सोबत चहा घेणाऱ्या मैत्रिणीला आज रविवारची ड्यूटी लावायची असते. इथे पक्षपाताचा नुसता संशयही वॉर्ड मोडतो, म्हणून ड्यूटीचे नियम आधी सगळ्यांसमोर ठरवा आणि स्वतःलाही लावा. पेशंट वाटताना संख्या समान करू नका, काम समान करा. तीन व्हेंटिलेटरवाले आणि तीन उद्या घरी जाणारे सारखे नसतात. नवखीला सर्वांत गंभीर पेशंट द्यायचा नाही. चूक सांगायची तर बाजूला घेऊन, त्याच दिवशी आणि कामाबद्दल. कौतुक मात्र सगळ्यांसमोर.

काहींना मॅनेजमेंट मानवत नाही, बेडपाशीच राहायचं असतं. त्यांच्यासाठीही वाट आहे. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या नर्सनं हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञांसोबत ‘नर्स प्रॅक्टिशनर’चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून पेशंट तपासणारी, उपचार ठरवणारी नर्स ही भूमिका पुढे अनेक देशांत रुजली. क्लिनिकल स्पेशालिस्ट किंवा वॉर्डातच नव्या नर्सना घडवणारी क्लिनिकल इन्स्ट्रक्टर या जागाही तशाच.

मूल, आजारपण किंवा घरच्या कारणानं मध्ये खंड पडला असेल तर परतताना आधी नोंदणीचं नूतनीकरण, मग बीएलएस, मग औषधांच्या हिशेबाचा सराव. रुजू होताना पहिले काही दिवस स्वतंत्र पेशंट न घेता अनुभवी नर्सबरोबर काम करू देण्याची मागणी करा, आणि ती रुजू होण्याआधी लेखी करा.